पावणा खरं काय म्हणाला होता

चि. निनाद आणि चि. मैत्रेयी,

तुमची मेल शेजारच्या सुहासकाकानं कागदावर छापून आणून दिली. आक्काआजीबद्दल तुम्ही दोघांनी लिहिलेलं मी तीनदा वाचलं. निनाद, तू शेवटी विचारलं आहेस की तू नऊ वर्षांचा असताना मी जेवणाच्या पानावर तुझ्यावर एवढी का ओरडले होते. तू तर एवढंच म्हणाला होतास, की त्या अंतराळाच्या मालिकेतला तो माणूस काहीही करू शकतो. तू असंही लिहितोस, की तिकडे इंटरनेटवर त्या माणसावरून लोकांचे दोन तट आहेत आणि अजून भांडतात. काही म्हणतात तो माणसांना शहाणं करायला येतो, काही म्हणतात तो नुसता छळवादी आहे. आपल्या घरात कोण कुठल्या बाजूला होतं, असं तुझं विचारणं आहे.

आक्काआजीचा तेरावा परवा झाला. त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, म्हणून आत्ता लिहिते आहे. मी पंच्याहत्तरीला आले आहे आणि हे पुढे ढकलायची मला भीती वाटते. पण तुम्हाला सांगायचं तर मला तिच्याशीच बोलावं लागेल, कारण कबुली तिच्यापाशी द्यायची राहून गेली. तुम्ही जवळ बसून ऐका.

वन्सं,

पावणा आपल्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा तुम्ही शेंगा फोडत बसला होता. केबल घरात नवी होती. तुमचे भाऊ गेल्यावर तुम्ही माझ्या सोबतीला राजारामपुरीत राहायला आलात, त्यालाही तेव्हा वर्षच झालं होतं. सुहास कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा, पण त्याच्या घरी केबल नव्हती, म्हणून दर रविवारी अकराला तो ती इंग्रजी मालिका बघायला आपल्याकडे यायचा. तुम्ही पहिल्याच रविवारी म्हणालात, "मालू, तू सांगत जा. नुस्ती तोंडं हालताना बघून डोस्कं दुखतंय माझं." तीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलेली मी, लगेच खुर्ची तुमच्या बाजूला ओढली. ते एक वाक्य बोलायचे, मी एक सांगायची. 

तुम्हाला यानाचीच काळजी जास्त. "ह्यास्नी चूल कुठं हाय? धुणं कुठं वाळत घालत्यात? येवढी माणसं हाईत आन् एक बी पोरगं रडत न्हाय?" सुहास हसून हसून बेजार व्हायचा. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायकांना तुम्ही तो भाग सांगायचात, तेव्हा कप्तानाची चुलत सासू वगैरे मंडळी त्यात कुठून येत होती कोण जाणे.

मग तो भाग आला. यानातल्या सगळ्यांच्या सावल्या एकाएकी दिव्याच्या दिशेला पडायला लागल्या, आणि कप्तानाच्या खुर्चीत एक साधा, टक्कल पडलेला माणूस पाय हलवत बसलेला दिसला. त्याला काहीही करता येत होतं. ग्रह विझवता येत होता, काल घडलेलं पुसता येत होतं. एका खलाशाला त्यानं आईचा आवाज विसरायला लावला आणि तो रडायला लागला तेव्हा हसत परत आठवून दिला. त्याला नाव नव्हतं.

"आलं बघा पावणं," तुम्ही म्हणालात. "बिनबोलवल्यालं."

तेव्हापासून आपल्या घरात तो पावणा.

सुहासला पावणा फार आवडला. "काय टोले मारतोय बघा, बाई! त्या कप्तानाला कुणीतरी जमिनीवर आणायलाच पाहिजे होता." तुम्हाला मात्र तो नजरेसमोर नको. "दुसऱ्याच्या घराला आग लागल्यावर हसतंय त्ये. अंगात जोर हाय म्हनून काय कुनाच्या बी काळजाला हात घालायचा व्हय?" मग तासभर तुमची जुंपायची. मी दोन्ही बाजूंना होते असं तुम्हाला वाटायचं, कारण मी बोलायची नाही. खरं म्हणजे मला त्याची भीती वाटायची. पन्नाशी उलटलेली, पेन्शनला आलेली बाई मी, आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर माझी सावली कुठे पडते आहे ते बघायची. मी मुळातच भित्री. गॅसचा खटका तीनदा बघणारी, कुलूप ओढून बघणारी. मला व्यवस्थितपणाबद्दल लोक नावाजायचे. तो व्यवस्थितपणा नव्हता, भीती होती, हे तुम्ही एकट्यांनी ओळखलं होतं.

आणि तुम्ही स्वतः कशालाच भीत नव्हता. साप निघाला तर काठी शोधत जाणाऱ्या तुम्ही. एकदा मी विचारलं होतं, वन्सं, तुम्हाला कशाचंच कसं काही वाटत नाही? तेव्हा तुम्ही मला सुशीचं सांगितलंत.

ते नातवंडांसाठी लिहायला हवं. निनाद, मैत्रेयी, आक्काआजीला एक मुलगी होती. राधानगरीच्या वरच्या अंगाला आक्काआजीचं सासर. सुशी सहा वर्षांची असताना घटसर्प झाला. घसा बंद होत आला होता. नदीला पाणी चढलेलं, एस.टी. बंद. आक्काआजी आणि तिचे यजमान सुशीला घोंगड्यात गुंडाळून चालत निघाले आणि पाण्याच्या काठाशी एक रात्र आणि अर्धा दिवस बसून राहिले. पाणी उतरलं नाही. ते तिला तसंच घेऊन परत आले.

तुम्ही हे सांगताना रडला नाहीत, वन्सं. तुम्ही म्हणालात, "तवापासनं अंबाबाईच्या देवळात पाय न्हाय ठेवला म्या. तिला एकच इचारायचं हाय. पानी उतरवायचं तुला जमत न्हवतं, का तू बघितलंच न्हाईस? जमत न्हवतं म्हनली तर माफ करतो. बाईमाणूस हाय, न्हाय जमत येकेक. पर बघितलंच न्हाय म्हनली, तर न्हाय." चाळीस वर्षं तुम्ही कोल्हापुरात येता-जाता देवळाच्या दारावरून सरळ पुढे जात होता.

आता त्या रविवारचं सांगते.

त्या भागात यानावरची डॉक्टरीण पावण्यासमोर उभी राहते. तिचं मूल एका ग्रहावर साथीत गेलेलं असतं. ती त्याला विचारते, तू तेव्हाही होतास, तुला सगळं येतं, मग तू का थांबवलं नाहीस? तुमचा शेंगा फोडणारा हात थांबला. तुम्ही टीव्हीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. तिचा प्रश्न मी तुम्हाला नीट सांगितला, तिथे मी चुकले. तो आधीच बदलला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

पावण्यानं उत्तर दिलं. ते असं होतं: "थांबवता आलं असतं. मनात आणायचाही वेळ लागला नसता. त्या दिवशी माझं लक्ष दुसरीकडे होतं."

"काय म्हंतोय?" तुम्ही विचारलंत.

मी सांडलेली टरफलं गोळा करायला लागले.

"मालू, काय म्हंतोय त्यो?"

मी म्हणाले, "तो म्हणतोय, ते माझ्या हातात नव्हतं. सगळं येतं मला, पण गेलेला जीव धरून ठेवता येत नाही."

सुहासनं झटकन मान वळवली. त्याला इंग्रजी माझ्याइतकंच येत होतं. तोंड उघडलं त्यानं, माझा चेहरा बघितला आणि मिटलं. तुम्ही शेंगांची परात बाजूला सारून म्हणालात, "बिचारं. येवढी शक्ती, आन् ती बी तोकडीच." आणि पदरानं डोळे पुसलेत. चाळीस वर्षांत न रडलेल्या तुम्ही त्या टकल्या माणसासाठी रडलात.

सुहास जाताना फाटकाशी थांबला. "बाई, तो तसं म्हणाला नाही."

"माहीत आहे."

"त्यांना कळलं तर?"

"तू सांगणार आहेस?"

तो नाही म्हणाला. त्या शुक्रवारी सकाळी तुम्ही ठेवणीतलं इरकल नेसलात. कुठे निघालात विचारलं तर म्हणालात, "जाऊन येतो देवळात." आपल्याकडच्या बायका बोलतात तसं, सहज. परत आलात तेव्हा कपाळ कुंकवानं भरलेलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या एका खोट्या वाक्यावर तुमची ती माफी उभी होती, आणि ते वाक्य कोणीही, कधीही, सहज बोलता बोलता खोडून काढू शकत होतं.

त्या रविवारपासून घरातले तट उलटले. सुहासच्या मनातून पावणा कायमचा उतरला. त्यानं खरं उत्तर ऐकलं होतं ना. आणि तुम्ही पावण्याच्या बाजूच्या झालात. "त्याला सगळं जमत न्हाय रं सुहास. त्यानं सोता कबूल केलंय. म्हनून तर वरनं हसतंय, आतनं जळतंय त्ये." सुहास चिडायचा, हात वर करायचा, आणि ज्या एका वाक्यानं तो वाद जिंकला असता ते वाक्य गिळून बसायचा. "ए प्राध्यापक, सुचंना व्हय आता?" तुम्ही त्याला डिवचायचात. भौतिकशास्त्राचा माणूस, दर रविवारी हरून घरी जायचा. त्याच्या त्या हरण्याचं ऋण मी कधी बोलून दाखवलं नाही.

मालिका संपली तरी तुमचा वाद संपला नाही, आणि माझी भीतीही. निनाद, तू त्या सुट्टीत आलास आणि पानावर म्हणालास, "आक्काआजी, ही कॅन डू एनीथिंग!" आणि हातांनी करूनही दाखवलंस. तुझं पुढचं वाक्य काय असेल ते मला माहीत नव्हतं. मी ओरडले. तू भरल्या ताटावर रडलास. वन्सं, तुम्ही त्याला जवळ घेऊन मला म्हणालात, "आगं, पोरगं गोष्ट सांगतंय, येवढं काय भ्यायचं?" रागावलीस का, असं तुम्ही विचारलं नाही. भ्यालीस का, असं विचारलंत.

मग बऱ्याच वर्षांनी ती जाहिरात लागली. तीच मालिका, आता हिंदीत, रविवार सोडून रोज संध्याकाळी पाचला. तुम्ही टाळी वाजवलीत. "बरं झालं! आता मालूला तरास न्हाय." हिंदी तुम्हाला चांगलं कळायचं. दुपारच्या सगळ्या हिंदी मालिका तुम्ही एकट्या बघायचात.

मला रात्ररात्र झोप येईना. केबलवाल्याला गाठून म्हणाले, आमच्याकडचा तेवढा चॅनल बंद करता येईल का? तो म्हणाला, "बाई, एकट्या तुमच्यासाठी कसा बंद करू? सगळी गल्ली बघतीया की." मग मी माझी वही काढली. पूर्वी बघितलेल्या प्रत्येक भागाची मी नोंद ठेवली होती. भाग मोजले, रविवार वगळले, आणि कॅलेंडरवर तो दिवस शोधला. गुरुवार येत होता. त्या गुरुवारी तुम्हाला घेऊन बिद्रीला तुमच्या भाचीकडे मुक्कामाला जायचं ठरवलं, तिला कळवलंही. तिच्यासाठी चिवडा करून डब्यात भरून ठेवला. इतकं नीट केलं होतं मी सगळं.

हिंदीवाल्यांनी मधले काही भाग गाळले होते. हे माझ्या हिशेबात आलं नाही, कारण त्या दिवसांत पाचला मी टीव्हीसमोर बसतच नव्हते, स्वयंपाकघरात काहीतरी काढून बसायची. पुढे काय येणार या भीतीपोटी आज काय चाललं आहे ते मी बघितलंच नाही.

सोमवारी मी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. रांग मोठी होती. परत यायला सहा वाजले. टीव्ही बंद होता. तुम्ही मेथी निवडत होता, आणि निवडलेल्या पानांत देठं पडत होती.

"आज पावणं आल्तं," तुम्ही म्हणालात.

माझ्या हातातली पिशवी मी खाली ठेवू शकले नाही. "हो का? काय म्हणालं?"

"काय की. हिंदी लई जड बोलत होतं. न्हाय कळलं."

मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही मेथीकडे. मी तेव्हा बोलायला हवं होतं. "वन्सं, मी खोटं सांगितलं होतं," एवढंच. मी आत जाऊन कुकर लावला.

त्या शुक्रवारी तुम्ही देवळात गेला नाहीत. गुडघा दुखतोय म्हणालात. पुढच्या शुक्रवारीही नाही. ते पंधरा दिवस मी कसे काढले ते मला माहीत. तुमच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला तरी मी दाराशी जाऊन उभी राहायची. तुम्ही मोडाल, जेवण सोडाल, आणि त्याला कारण मी असेन, हे सतत डोक्यात. तिसऱ्या शुक्रवारी तुम्ही इरकल नेसून निघालात. मी म्हणाले, गुडघा? "र्‍हाऊ दे गुडघा," एवढंच तुम्ही म्हणालात, आणि त्यानंतर एकही शुक्रवार चुकवला नाहीत. म्हणजे खरंच कळलं नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. ती नीट बसत नव्हती. एकदा भाकरी मोडता मोडता तुम्ही विचारलंत, "मालू, शाळंत पोरींच्या चुका लाल शाईनं काढायचीस न्हवं?" हो म्हणाले. "सगळ्या?" "सगळ्या." "बरं," म्हणालात आणि भाजी वाढून घेतलीत.

असं दीड वर्ष आपण एका घरात काढलं. आता तुम्ही नाही.

परवा तेराव्याची माणसं गेल्यावर सुहास मागे थांबला. त्याचेही केस आता पिकलेत. म्हणाला, "बाई, एक सांगायचं आहे. त्यांनी बजावलं होतं, म्हणून गप्प होतो."

ज्या सोमवारी मी बँकेत होते, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच्या घरी गेला होता. दार लावून घेऊन विचारलंत, "त्या इंग्रजीत बी त्यो ह्येच म्हनाला हुता का? लक्ष न्हवतं म्हून?" त्यानं हो म्हणून सांगितलं.

तो म्हणाला, "मी घाबरलो, बाई. म्हटलं, आक्का, बाईंनी तुमच्यासाठी केलं, त्यांच्यावर रागावू नका. तर त्या काय म्हणाल्या माहीत आहे? 'मला म्हाईत हाय कुनासाठी केलं त्ये. तिला बोलू नगंस मला कळलंय म्हून. लई भितीय ती. मला कळलं म्हनल्यावर मरंल भिऊन.'"

आणि देवळाचं? मी विचारलं.

"तेही विचारलं मी. म्हटलं, आता जाणार नाही ना तुम्ही? पहिल्यांदा म्हणाल्या, न्हाय. पंधरा दिवसांनी रस्त्यात भेटल्या, तर देवळातच निघाल्या होत्या. म्हणाल्या, 'माफ बिफ केलं न्हाय. तिचं ध्यान न्हवतं न्हवं तवा? आता दर शुक्रवारी तिच्या म्होरं हुबा र्‍हातो आन् सुशीची येकेक गोष्ट सांगतो. बघ म्हनतो. आता तरी बघ.'"

वन्सं, मी तुमच्यासाठी भीत होते आणि तुम्ही माझ्यासाठी गप्प होता. दीड वर्ष. तुम्ही मोडला नव्हता. मी तुम्हाला इतकं कमी ओळखलं, याची लाज वाटते. आणि भीती गेलेली नाही, तेही तुम्हालाच सांगते. उलट आता ती माझी एकटीची आहे. तुम्ही विचारत होता तो प्रश्न मला देवळात जाऊन विचारायचा धीर नाही, कारण उत्तर काय येईल ते मला वाटतं ठाऊक आहे. संध्याकाळी घर रिकामं असतं तेव्हा वाटतं, आपल्याकडे कुणाचंच लक्ष नसेल. तुमच्या दीड वर्षाकडे नव्हतं, त्या काठावरच्या रात्रीकडे नव्हतं. त्या टकल्या माणसाचं मला भय वाटायचं ते ह्याचंच. तो दुष्ट असता तर बरं झालं असतं. दुष्ट माणूस निदान बघत तरी असतो.

काल रविवार होता. अकराला सुहास आला. टीव्ही लावला नाही. मी त्याला म्हणाले, सुशीबद्दल त्या तुला काही बोलल्या होत्या का? थोडं तो सांगत गेला, थोडं मला ठाऊक होतं. आम्ही एकमेकांच्या चुका काढल्या, दोनदा भांडलो. मी वही घेऊन बसले आणि सगळं लिहून घेतलं. निनाद, मैत्रेयी, ते तुम्हालाही पाठवते आहे.

तिचं नाव सुशीला. ती डाव्या हातानं जेवायची आणि आक्काआजीनं त्यासाठी तिला कधी मारलं नाही. ती म्हशीला "अहो" म्हणायची. कच्चे तांदूळ खायची. तिला दहापर्यंत मोजता यायचं, पण सात तिला आवडत नसे, म्हणून सहानंतर ती थेट आठ म्हणायची. शेवटच्या दिवशी तिनं विचारलं होतं, आई, तुझे पाय भिजलेत का.

इतकं शिल्लक आहे. काल ते दोघांना ठाऊक होतं, आता चौघांना आहे.